दहावा अध्याय

परवा सुनेने स्वयंपाकघरातून विचारलं, "आई, आमच्या ग्रुपमध्ये एक जागा रिकामी झालीय, तुम्हाला सतरावा अध्याय देऊ का? दर गुरुवारी तेवढा एकच वाचायचा. झाला की मोबाइलवर हात जोडल्याचं चित्र टाकायचं, बास." मी चहा पीत होते. सून भली आहे, माझं मनापासून करते, तिला बिचारीला काय ठाऊक. मी नुसतं "नको गं" म्हटलं आणि उरलेला चहा मोरीत ओतला. पण दिवसभर नाकातून तो वास जाईना. कापूर, ओलं सोवळं आणि सकाळपासून झाकून ठेवलेला, केळं घातलेला शिरा. सत्तर वर्षं होत आली म्हणते मी त्याला. म्हटलं, हे एकदाचं लिहून मोकळं व्हावं.

डोंबिवली तेव्हा धड गाव नव्हती आणि शहर तर नव्हतीच. स्टेशनातून बाहेर पडलं की चार दुकानं, दोन विहिरी, आणि लगेच भातशेती सुरू. आमची बैठी चाळ त्या शेतीच्या काठावर होती. मागच्या दाराने बेडूक आत यायचे आणि पुढच्या दाराने शेजारणी. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ठाण्याला एका कचेरीत कारकून होते. अतिशय मऊ माणूस. कोणी काहीही सांगितलं तरी "बरं आहे, तसं करू" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आई त्यांच्या उलट. बोलायची थोडं, पण मनात आलेलं विचारल्याशिवाय राहायची नाही. मराठी चौथीपर्यंत शिकलेली होती आणि वाचायची तिला भूक होती. वाण्याकडून डाळीच्या पुडीला आलेला कागदसुद्धा ती आधी चुलीसमोर बसून वाचायची आणि मग चुलीत घालायची. त्यात एखादी गोष्ट असली आणि ती मध्येच फाटलेली असली की चिडायची. "मेल्याने नेमकी इथेच फाडली," असं म्हणून पुढच्या पुडीत उरलेला तुकडा येतो का ते चार दिवस बघायची. तो कधीच यायचा नाही.

आळीत पोथीवाचनाचं मंडळ सुरू झालं त्याच्या आदल्या वर्षी बाळू गेला. माझा धाकटा भाऊ, चार वर्षांचा. घटसर्पाने घसा मिटत आला तेव्हा त्याला ठाण्याला नेलं. स्टेशनपासून इस्पितळात जायला टांगा केला, आणि टेंभी नाक्याच्या अलीकडेच, टांग्यात, आईच्या मांडीवर तो गेला. मी समोरच्या बाजूला बसले होते. टांगेवाल्याला कळलं नव्हतं, तो घोड्याला हाका घालत होता. आईने त्याला थांब म्हटलं नाही. इस्पितळाच्या दारापर्यंत ती तशीच, त्याचे केस सारखे करत बसून राहिली. त्यानंतर आमच्या घरात कोणी मोठ्याने रडलं असं मला आठवत नाही. आई स्वयंपाक करायची, पण आमटीत मीठ घालायला विसरायची, आणि अण्णा ते न बोलता वरून घ्यायचे. बाळूची छोटी वाटी फळीवर पालथी होती. ती कोणी खाली काढली नाही आणि आतही ठेवली नाही.

आमच्या आळीच्या टोकाला बापूसाहेब लेल्यांचं घर होतं. स्वतःची विहीर, स्वतःची ओटी, दारात जास्वंद. बापूसाहेब मामलेदार कचेरीत शिरस्तेदार होते, नुकते निवृत्त झालेले. अंगाने भरलेले, गोरे, आवाज नगाऱ्यासारखा. कचेरीत हुकूम सोडायची सवय, आता सोडायचे कुणावर, म्हणून त्यांनी आळी धरली असावी. ओटीवर झोपाळ्यावर बसून ते पायाच्या बोटांमधली कातडी सोलत असत आणि त्याच हाताने आल्यागेल्याला अंगारा लावत. माझ्या कपाळाला ते बोट लागलं की मी घरी येऊन साबणाने कपाळ धुवायची. आई म्हणायची, "असं करू नये कुमुद, मोठे आहेत ते." मोठे होतेच.

या बापूसाहेबांनी कुठल्याशा लांबच्या मठातून एक पोथी आणली. एकवीस अध्यायांचा जाडजूड ग्रंथ, मठाच्याच छापखान्यात छापलेला, बाजारात न मिळणारा. आळीत एकवीस बिऱ्हाडं होती. बापूसाहेबांना साक्षात्कार झाला की प्रत्येक बिऱ्हाडाने एकेक अध्याय घ्यायचा, दर गुरुवारी सहा वाजता आपापल्या घरी एकाच वेळी तेवढा वाचायचा, म्हणजे अर्ध्या तासात अख्ख्या आळीचं एक पारायण पुरं. श्रद्धा वाढायची, एकोपाही वाढायचा, आणि वेळही जायचा नाही. लोकांना कल्पना फारच आवडली. एकवीस अध्याय वाचण्याचं पुण्य एकाच्या मेहनतीत, कोणाला नको असतं?

पोथी सुटी करायचं काम अण्णांकडे आलं, आणि सुट्टी होती म्हणून मीही त्यांच्याबरोबर ठाण्याला बाइंडरकडे गेले. खळीच्या वासाने भरलेलं अंधारं दुकान होतं. बाइंडरने पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, लोक माझ्याकडे पुस्तकं बांधायला आणतात. तुम्ही हे सोडायला आणलंत." पण काम सोपं होतं, कारण प्रत्येक अध्याय सोळा पानांच्या एकेका फर्म्यात बरोबर बसवलेला होता. मोठा कागद घड्या घालून शिवलेला, कडा अजून न कापलेल्या, त्यामुळे आतली बरीचशी पानं एकमेकांना जोडलेली. बाइंडरने विचारलं, "कडा कापून देऊ? नाहीतर वाचता यायची नाहीत." अण्णांनी मान हलवली. बापूसाहेबांनी बजावलं होतं की पोथीला लोखंड लावायचं नाही. शिवण उसवली तीदेखील बाइंडरने त्यांच्या सांगण्यावरून हाडाच्या पट्टीने. कडा ज्याने त्याने घरी, स्नान करून, बांबूच्या कामटीने फोडायच्या, असं ठरलं होतं. पोथीच्या चिंध्या केलेल्या चालत होत्या, लोखंड तेवढं चालत नव्हतं. बारा वर्षांच्या मला यात काही विचित्र वाटलं नाही. आता वाटतं, एवढी अक्कल गहाण टाकलेली माणसं मी पुन्हा एका जागी पाहिली नाहीत, आणि मग आठवतं की परवाच सुनेच्या मोबाइलवर पाहिली.

चिठ्ठ्या टाकून अध्याय वाटले गेले. लाल खारव्याच्या जाड कापडाच्या तुकड्यात बांधलेला नववा अध्याय आईच्या वाट्याला आला आणि दहावा खुद्द बापूसाहेबांच्या. मग सगळ्यांनी तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, की आपल्या वाट्याचा अध्याय कधी चुकवणार नाही आणि दुसऱ्याचा कधी उघडणार नाही. दुसऱ्याचा उघडला तर साखळी तुटते आणि एकवीसही घरांचं पुण्य जातं, असं बापूसाहेबांनी सांगितलं. आईने घरी येऊन त्याच दिवशी न्हाऊन, कामटीने एकेक कड फोडली. कागद फाटू नये म्हणून ती श्वास धरून हात चालवत होती. कामटी सुरुवातीला कागदाचे बारीक तंतू उडवायची, ते तिच्या ओल्या मनगटावर चिकटले होते. मग तिने मोठ्याने वाचायला घेतलं आणि मी भाजी निवडता निवडता ऐकू लागले.

त्या अध्यायात नदीकाठी एक बाई बसलेली असते. मांडीवर मेलेलं मूल. गावकरी सांगतात, सोड त्याला, ती सोडत नाही. संध्याकाळ व्हायला येते. एक साधू त्या वाटेने जातो. ती त्याचे पाय धरते. साधू म्हणतो, इथून हलू नकोस, मी स्नान करून येतो. तो पाण्यात उतरतो, पोहत पलीकडच्या काठाला लागतो, झाडीत दिसेनासा होतो. बाई त्या दिशेने बघत बसते. अध्याय संपला. आईने पान उलटून पाठीमागे पाहिलं. मागे कोरं होतं. ती पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे. मी भाजी निवडायची थांबले होते. "मेल्याने नेमकी इथेच फाडली," असं ती म्हणेल असं मला वाटलं. तिने पानं सारखी करून लाल कापडात बांधली.

भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या शेजारणींनी मात्र लगेच म्हटलं, "बघा, देवाने बरोबर तिलाच नववा दिला." हे म्हणताना त्यांच्या तोंडावर जी चव घेतल्याची कळा होती ती मला अजून दिसते. दुसऱ्याच्या दुःखात देवाचा हात शोधायला लोकांना फार गोड वाटतं.

गुरुवारचा शिरस्ता असा होता. बरोबर सहाला बापूसाहेब ओटीवर येऊन शंख फुंकायचे. मग अख्ख्या आळीत एकवीस आवाज सुरू व्हायचे, कोणी गात, कोणी ओरडत, कोणी भरभर. बापूसाहेबांच्या देवघरातून तर अशी काही घनगंभीर गुणगुण यायची की रस्त्याने जाणारा माणूस चप्पल काढून नमस्कार करायचा. साडेसहाला सगळे त्यांच्या ओटीवर जमायचे आणि क्रमाने हजेरी द्यायचे. पहिला पूर्ण. दुसरा पूर्ण. आईचा बारीक आवाज, "नववा पूर्ण." त्यावर लगेच बापूसाहेबांचा नगारा, "दहावा पूर्ण!" की भिंतीवरची पाल सरकायची. मग आरती, मग बापूसाहेबांचं श्रद्धेवर निरूपण, मग तो शिरा. शिऱ्याला वरून तुपाचा थर आणि खाली केळ्याचं काळं झालेलं चिकट, आणि तो वाढणारा हात कुठून आलेला ते मला ठाऊक. बोटं चाटून घरी यायचं. बोटं घासली तरी रात्रभर चिकट वाटायची.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी आईने सगळ्यांसमोर विचारलं. "बापूसाहेब, तो साधू परत येतो का हो? मी तुमचा अध्याय मागत नाही. तुम्ही नुसतं सांगा." बापूसाहेबांनी झोपाळा थांबवला. "वहिनी, हे सांगायचं नसतं. हे आत पिकावं लागतं. आपल्या वाट्याचं पचलं नाही तोवर दुसऱ्याच्या पानात हात घालू नये." आई म्हणाली, "पण ती बाई बसून राहिलीय ना." तेव्हा बापूसाहेब हसले. ते हसू मला आठवतं, कारण त्यात राग नव्हता, उलट माया दाखवल्यासारखं होतं. "ही घाईच नडते तुम्हाला. बाळूच्या वेळी आम्ही अंगारा दिला होता. एक रात्र धीर धरवला नाही. सकाळी उठून गेलात ठाण्याला धावत. श्रद्धा म्हणजे बसून राहणं, वहिनी." आणि ओटीवरच्या सगळ्या माना डोलल्या. सगळ्या. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा हातातल्या फुलाच्या पाकळ्या मोजत होते. त्या क्षणी मला बापूसाहेबांची जेवढी किळस आली तेवढीच त्या डोलणाऱ्या मानांची आली, आणि थोडी, खोटं कशाला सांगू, अण्णांचीही.

आईने पुन्हा विचारलं नाही. दोन वर्षं ती दर गुरुवारी तो अध्याय वाचत राहिली. अक्षर न् अक्षर पाठ झालं तरी कागद समोर ठेवूनच वाचायची. बाई पाय धरायची, साधू पाण्यात उतरायचा, आणि आई तिला त्या काठावर तशीच बसवून ओटीवर हजेरी द्यायला जायची. गुरुवारी रात्री ती जेवायची नाही. उपास आहे म्हणायची. उपास सगळ्यांचाच होता आणि सगळे तो खिचडीवर आडवा हात मारून सोडायचे. ती पातेलं आमच्या पुढे सारायची आणि दारात शेतांकडे तोंड करून बसायची. एकदा तिने मला विचारलं, "कुमे, नदी केवढी असेल गं? माणूस पोहून किती वेळात परत येईल?" मी म्हटलं, "उल्हास नदीएवढी असली तर लवकर येईल." तिने मान हलवली. अण्णांनी पोथीच्या दुसऱ्या प्रतीसाठी ठाण्यातली आणि कल्याणातली सगळी दुकानं पालथी घातली होती हे मला पुष्कळ पुढे कळलं. त्यांनी ते तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईला निदान तेवढी सोबत झाली असती.

मंडळाचं नाव मात्र पसरलं. कल्याणच्या दोन आळ्यांनी बापूसाहेबांना बोलावून असंच मंडळ काढलं. तिथेही पोथ्या उसवल्या गेल्या. बापूसाहेब तिकडून हार घालूनच परत यायचे आणि तो सुकलेला हार चार दिवस झोपाळ्याच्या कडीला लटकायचा. मग शंभरावं पारायण आलं. मठातले महाराज स्वतः येणार असं ठरलं. लेल्यांच्या अंगणात मांडव पडला. एकवीसही जणांनी महाराजांसमोर ओळीने बसून वाचायचं, हजेरी द्यायची, आणि मग पोथी पुन्हा एकत्र बांधून रेशमी वेष्टनात ठेवायची. त्यासाठी आदल्या दिवशी सगळे अध्याय पूजेला लेल्यांच्या देवघरात आणून ठेवले. दुपारी मला बोलावलं, लाल गाठोड्यांना गंध लावून ती क्रमाने मांडायला. बापूसाहेब महाराजांची सोय बघायला स्टेशनकडे गेले होते. घरात त्यांच्या पत्नी होत्या, माई. रत्नागिरीकडच्या, हाडकुळ्या, कायम ओल्या हाताच्या. त्या स्वयंपाकघरात रवा चाळत होत्या.

मी आठवं गाठोडं मांडलं, नववं मांडलं. ते आईने बांधलेलं होतं, तिची गाठ मला ओळखू यायची. दहाव्याला गंध लावला आणि माझा हात तिथेच राहिला. बाहेर माई रवा चाळत होत्या, त्याचा आवाज येत होता. मी गाठ सोडली. वरच्या पानावर गंधाचे आणि कुंकवाचे दोन वर्षांचे थर होते, वाळलेल्या पाकळ्या चिकटलेल्या, एका कोपऱ्यात तुपाचा डाग. मी पान उलटायला गेले, ते उलटेना. चिकटलं असेल म्हणून नखाने सोडवायला गेले आणि मग कळलं. कडा फोडलेल्याच नव्हत्या. एकही नाही. बाइंडरच्या दुकानातून जसा आणला तसा तो अध्याय मिटलेला होता.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. राग नाही, ओकारी आली. खरोखरची. मी तोंडावर हात धरला.

"काय गो, काय झालं?" माई दारात उभ्या होत्या. मी गाठोडं लपवायला गेले, पण गाठ सुटलेलीच होती. माईंनी पाहिलं, माझ्याकडे, मग पोथीकडे. मला वाटलं आता ओरडतील. त्या आत आल्या, खाली बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला अक्षरओळख नाही गो. पण एवढं कळतं की पान फुटलं नाही तर वाचणार कुठून."

"मग ते गुरुवारी काय म्हणतात?"

"औटकी." माईंच्या तोंडावर हसू नव्हतं. "बे औटं सात, तीन औटं साडेदहा. तिथून मागे येतात, दिडकी, सवायकी. तेवढ्यात साडेसहा वाजतात. दोन वर्षं मी शेजारच्या खोलीत वाती वळत ऐकते. माझीसुद्धा औटकी पाठ झाली."

हल्लीच्या मुलांना औटकी सांगायला हवी. पूर्वी शाळेत अपूर्णांकांचे पाढे असत, साडेतिनाचा तो औटकी. आमच्या आळीतून जाणारा माणूस चप्पल काढून ज्याला नमस्कार करत होता तो साडेतिनाचा पाढा होता. माझी आई तिकडे मेलेल्या मुलाची गोष्ट वाचत असे तेव्हा इकडे हा माणूस साडेतीन त्रिक करत असे, आणि मग सगळ्यांदेखत तिला श्रद्धा शिकवत असे. आणि त्याने तिला उत्तर का दिलं नव्हतं तेही मला त्या क्षणी कळलं. त्यात कडक नियम नव्हता, काही नव्हतं. त्याला ठाऊकच नव्हतं.

माईंनी कनवटीचा पैसा काढावा तशी कोनाड्यातून एक कामटी काढली. दोन वर्षं ती तिथे कोरी पडून होती. "फोड," त्या म्हणाल्या. "फोड आणि वाच. तुझ्या आईचं मला बघवत नाही. मी दारात बसते."

मी फोडली. आईसारखी श्वास धरून नाही, कशीही, कागद फाटत होता. पहिल्या पानावर बाई नव्हती. छत्रीचं दान केलं तर काय मिळतं ते होतं. पुढे जोड्यांचं दान, मग गादीचं, मग गाईचं, गाईच्या शिंगांना काय मढवावं, दान घेणाऱ्याला जेवायला काय काय वाढावं. मी कडा फोडत गेले आणि बाई शोधत गेले. पंधराव्या पानावर, अगदी शेवटी, एका ओळीत म्हटलं होतं की त्या नदीकाठच्या स्त्रीचं पुढे जे झालं ते भाविकांनी आपल्या ठायी जाणून घ्यावं, आता पुढची कथा ऐका. बस. लिहिणारा तिला काठावर विसरला होता. आठवण झाली तेव्हा हात झटकून पुढे गेला. मी पोथी मिटली. बापूसाहेबांची किळस त्यामानाने साधी होती. ही जी पोथीची आली ती आजतागायत गेली नाही. दुकानात जाडजूड आध्यात्मिक ग्रंथ, सोनेरी अक्षरं, शांत हसणारे चेहरे दिसले की मी आधी मनात विचारते, त्या बाईचं काय केलंत?

घरी आले तेव्हा आई सुपात तांदूळ निवडत होती. मी धावत आले होते, धाप लागली होती. "आई, बापूसाहेबांनी दहावा वाचलाच नाहीय. पानं फोडलेलीच नव्हती. ते पाढे म्हणतात, आई, पाढे!"

तिचा हात थांबला. "कोणी सांगितलं?"

"मी बघितलं. मी फोडली पानं."

"संकल्प मोडलास?"

"पाणी तू सोडलं होतंस. मी कुठे सोडलं होतं?"

ती रागावेल म्हणून मी वाट पाहिली. तिने दोन खडे काढले, ते जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले, आणि सुपाकडे बघतच विचारलं, "तो परत आला का?"

मी खोटं बोलायचं ठरवून आले नव्हते. खरं सांगायचं म्हणूनच धावत आले होते. पण तिच्या मानेची ताठलेली शीर मला दिसली. मी म्हटलं, "आला."

"मग?"

"तिच्याशेजारी बसला."

"आणि मूल?"

मूल उठलं, हे दोन शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. पण मी टांग्यात समोर बसले होते. मला ते म्हणवेना. "मूल नाही उठलं, आई. पण तो उठून गेला नाही. म्हणाला, तुला वाटेल तेवढा वेळ त्याला धर, मी इथे आहे. कोणाला तुला हलवू देणार नाही."

आई सुपावर वाकली. बाळू गेल्यापासून पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिलं, आवाज करून, नाक ओढत, तांदूळ भिजेपर्यंत. मी तशीच उभी होते. मग पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "सोळा पानांत एवढंच?"

"अक्षर मोठं आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मांडवात महाराज चौरंगावर बसले. बापूसाहेबांनी परातीत त्यांचे पाय धुतले आणि ते पाणी तीर्थ म्हणून पळीपळीने सगळ्यांना दिलं. परातीच्या कडेला धूळ आणि साबणाचा साय धरल्यासारखा थर होता, आणि लोक डोळे मिटून ते पीत होते. मग एकवीस जण ओळीने बसले. मी आईच्या मागे होते. बापूसाहेबांनी लाल गाठोडं सोडलं आणि फाटक्या कडा त्यांना दिसल्या. मान आखडली. त्यांनी आधी माईंकडे पाहिलं. माई समईची वात सारत होत्या, त्यांनी डोळे वर केले नाहीत. शंख झाला. वीस माणसं वाचू लागली आणि बापूसाहेब, उघडी पानं समोर असताना, सवयीने औटकीच म्हणू लागले. मी इतक्या जवळ होते की मला स्वच्छ ऐकू आलं. सात औटं साडेचोवीस. आठ औटं अठ्ठावीस.

हजेरी सुरू झाली. सातवा पूर्ण, आठवा पूर्ण. आई उठून उभी राहिली. बाकी कोणी उभं राहून म्हणत नसे. "नववा पूर्ण," ती म्हणाली. बापूसाहेबांनी छाती भरून घेतली. पण आई बसली नाही. तशीच त्यांच्याकडे बघत, त्याच बारीक आवाजात म्हणाली, "दहावा पूर्ण."

बापूसाहेबांचं तोंड उघडं राहिलं. आवाज आत तयार होता, त्याला बाहेर यायला जागा नव्हती. क्षणभर समयांचा चरचर आवाज ऐकू आला. मग ओळीतल्या पुढच्या म्हाताऱ्या पोस्टमास्तरांनी, सवय म्हणून, "अकरावा पूर्ण" म्हटलं. मग बारावा, तेरावा, साखळी पुढे गेली, ती कुठेही तुटली नाही. महाराज म्हणाले, "वा, वा." कोणी काही विचारलं नाही. तेच आमच्या लोकांचं खास. ताकास तूर लागू द्यायची नाही. शिरा वाटला गेला. आईने घेतला नाही. मी घेतला आणि खाल्ला, हे लिहायला आज लाज वाटते, पण खाल्ला. घरी जाताना विहिरीपाशी आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "बरं केलंस."

आम्ही मंडळ सोडलं. दर गुरुवारी सहाला शंख व्हायचाच. मठातून नवी पोथी आणून तिच्यातला आमचा अध्याय दुसऱ्या कोणाला दिला असेल. शंख झाला की आई हातातलं काम न थांबवता मला म्हणायची, "हं, सांग." आणि मी दहावा सांगायची. पुढे पुढे मी त्यात थोडं घालू लागले. साधूने तिला पाणी दिलं, अंगावरचं वस्त्र मुलावर पांघरलं, गावकऱ्यांना परत पाठवलं. ती कधी म्हणाली नाही की मागच्या वेळी हे नव्हतं. आज त्या ओटीच्या जागी मोठी इमारत आहे, तळमजल्यावर मंडळाचं कार्यालय, आणि काचेच्या कपाटात रेशमी वेष्टनात ती पोथी, कपाटाला कुलूप. मी एकदा बाहेरून पाहिली आणि घरी येऊन हात धुतले.

आईचे शेवटचे पंधरा दिवस मी तिच्या उशाशी होते. बोलणं तुटक झालं होतं, माणसं ओळखू येत नव्हती, पण एका दुपारी तिने अचानक माझा हात धरला आणि स्पष्ट आवाजात विचारलं, "कुमे, तो किती वेळ बसला गं?"

मी म्हटलं, "अजून बसलाय, आई. उठलेला नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग जरा डोळा लागतोय का बघते."